टीएलबी फ्लश: कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने (स्वतःचा कर्नल लिहिणाऱ्यांसाठी)

दर शनिवारी संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर पाच-सहा मुलं लॅपटॉप घेऊन जमतात, बहुतेक कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातली, आणि सगळ्यांचं वेड एकच, स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, लिहायचा. मागच्या महिन्यात त्यातल्या एकाचा फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची दुसरी प्रत काढणं, अडला. कॉपी-ऑन-राइट केलं होतं त्याने, म्हणजे फोर्क झाल्यावर पॅरेंट आणि चाइल्ड दोघांची पेजेस (मेमरीचे तुकडे) एकच, दोन्ही पेज टेबलांत (कोणता पत्ता खऱ्या मेमरीत कुठे त्याची यादी) रीड-ओन्ली, जो आधी लिहायला जाईल त्याला फॉल्ट येणार आणि त्याला वेगळी कॉपी मिळणार. टेस्ट साधीच होती. पॅरेंटने फोर्कच्या आधी एका व्हेरिएबलमधे ३ टाकले, फोर्कनंतर लगेच ७ टाकले, चाइल्डने वाचलं तर ३ यायला हवे. येत होते ७.

"ताई, टेबल बरोबर आहे, तुम्हीच बघा." मी बघितलं, खरंच बरोबर होतं. राइटचा बिट दोन्हीकडे शून्य, फ्रेमचा (खऱ्या मेमरीतल्या तुकड्याचा) काउंट २. क्यूएमू या इम्युलेटरच्या मॉनिटरमधे त्याने 'इन्फो टीएलबी' पण चालवून दाखवलं, तिथेही रीड-ओन्ली. मग त्याने फोर्कच्या शेवटी एक प्रिंट टाकला आणि टेस्ट पास. प्रिंट काढला, परत ७.

हा बग मला फार आवडतो कारण टीएलबी (प्रोसेसरची पत्त्यांची छोटी कॅश) सांभाळायचा म्हणजे नक्की काय करायचं ते सगळं याच्या पोटात आहे, म्हणून त्या दिवशी मुलांना जे फळ्यावर समजावलं तेच इथे नीट लिहून काढतेय. उदाहरणं एक्स८६ च्या (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरच्या) ६४ बिटची आहेत, जिथे एआरएम किंवा रिस्क-व्ही या दुसऱ्या जातीचे प्रोसेसर वेगळं वागतात तिथे सांगेन.

पायरी १: आधी टीएलबी म्हणजे कोण ते ओळखा

प्रोग्रॅम जो पत्ता वापरतो तो व्हर्च्युअल. त्याचे ४८ बिट धरा, त्यातले वरचे ९ बिट पहिल्या टेबलातला इंडेक्स, पुढचे ९ दुसऱ्या, मग ९, मग ९, आणि उरलेले १२ म्हणजे ४ केबीच्या पेजमधली जागा. म्हणजे एका पत्त्याची खरी फ्रेम शोधायला मेमरीत चार वेळा वाचावं लागतं, आणि मग पाचव्यांदा जे हवं होतं ते. दर इन्स्ट्रक्शनला असं केलं तर मशीन रांगेल. म्हणून प्रोसेसर एकदा सापडलेलं उत्तर जवळच्या छोट्या कॅशमधे ठेवतो, तो टीएलबी.

तो किती छोटा असतो हे डोक्यात असू द्या. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीत डेटासाठी पहिल्या पातळीला ४ केबी पेजच्या ६४ एंट्री आणि दुसऱ्या पातळीला १५३६. हिशोब करा, ६४ गुणिले ४ केबी म्हणजे २५६ केबी, १५३६ गुणिले ४ केबी म्हणजे ६ एमबी. तुमचा प्रोग्रॅम याच्यापेक्षा जास्त मेमरीत उड्या मारत असेल तर मिस होणारच.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या पोळात (जुन्या शहरातल्या गल्लीत) लहानपणी जे पोस्टमनकाका यायचे ते घराच्या नंबरकडे बघायचेच नाहीत, सगळी नावं तोंडपाठ, म्हणून चाळीस घरांचं टपाल दहा मिनिटांत वाटून मोकळे. मग एक कुटुंब मांजलपूरला फ्लॅटमधे गेलं आणि त्या खोल्यांत नवे भाडेकरू आले. पोस्टात नवीन पत्ता लिहून दिलेला होता, रजिस्टर अगदी बरोबर, पण काकांना तोंडी कोणी सांगितलंच नाही, आणि कितीतरी दिवस जुन्या लोकांची पत्रं नव्या भाडेकरूंच्या हातात पडत राहिली. पेज टेबल म्हणजे ते रजिस्टर, टीएलबी म्हणजे काकांचं पाठांतर. रजिस्टर बदललं म्हणून पाठांतर आपोआप बदलत नाही. डेटाच्या कॅशचं एकमेकांशी जुळवून ठेवायचं काम हार्डवेअर स्वतः करतं, टीएलबीचं करत नाही, ते कर्नलने सांगायचं असतं.

आणि क्यूएमूचं ते 'इन्फो टीएलबी', त्याच्या नावावर जाऊ नका. एक्स८६ वर ती कमांड पेज टेबल चालून मॅपिंग छापते, टीएलबीत खरंच काय बसलंय ते दाखवत नाही. म्हणजे आमचा मुलगा रजिस्टरच दोनदा बघत होता.

पायरी २: कोणत्या बदलाला फ्लश लागतो ते ठरवा

प्रत्येक बदलाला टीएलबीतलं सगळं फ्लश केलं, म्हणजे पुसून टाकलं, तर चूक होणार नाही, पण कर्नल रखडेल. म्हणून पेज टेबलची एंट्री बदलणारी प्रत्येक जागा कोडमधे शोधा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, जुनं उत्तर कोणाच्या लक्षात राहिलं तर नुकसान होईल का.

एंट्री आधी नव्हतीच आणि आता टाकली, तर एक्स८६ वर फ्लश नको, कारण 'नाही' हे उत्तर तो कॅश करत नाही. एआरएमवरही नाही-वाली एंट्री टीएलबीत जात नाही, पण तिथे लिहिल्यानंतर डीएसबी बॅरियर (आधीचं लिहिणं पूर्ण होईपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन) लागतो. रिस्क-व्हीचं स्पेसिफिकेशन मात्र 'नाही' पण कॅश करायची परवानगी देतं, तिथे नवीन मॅपिंगनंतरही एसफेन्स डॉट व्हीएमए ही फ्लशची इन्स्ट्रक्शन द्या, नाहीतर एखाद्या बोर्डवर उगाच फॉल्ट येईल आणि तुम्ही शोधत बसाल.

परवानगी वाढवली, म्हणजे रीड-ओन्लीचं राइटेबल केलं, तर फ्लश टाळता येतो. जुनी एंट्री वापरून जास्तीत जास्त एक फुकटचा फॉल्ट येईल, आणि एक्स८६ फॉल्ट देताना त्या पत्त्याची जुनी एंट्री स्वतःच काढून टाकतो, म्हणून परत प्रयत्न केला की चालतं. अट एवढीच की तुमच्या फॉल्ट हँडलरने टेबल परत तपासून "यात तर चूक काहीच नाही" म्हणत शांतपणे परत यायला हवं, प्रोसेस मारायला नको. बऱ्याच हॉबी कर्नलमधे हँडलर इथेच पॅनिक करतो.

परवानगी कमी केली, एंट्री काढली, किंवा फ्रेम बदलली, तर फ्लश लागतोच. इथे पर्याय नाही.

मधले दोन बिट उरले. ऍक्सेस्डचा बिट फक्त कोणतं पेज वापरात आहे याचा अंदाज घ्यायला असतो, तो पुसला आणि फ्लश केला नाही तर अंदाज थोडा चुकेल, बाकी काही नाही, लिनक्स एक्स८६ वर तो फ्लश मुद्दाम करत नाही. डर्टीचं, म्हणजे 'या पेजवर लिहिलं गेलंय' या खुणेचं, तसं नाही. टीएलबीत 'हे डर्टी आहे' असं बसलेलं असेल तर प्रोसेसर पुढच्या लिहिण्याला टेबलात परत डर्टी लावायला जाणारच नाही, आणि तुम्ही ते पेज स्वच्छ समजून टाकून द्याल, म्हणजे युजरचा डेटा गेला.

आता आमच्या फोर्ककडे या. राइटेबलचं रीड-ओन्ली केलं, म्हणजे परवानगी कमी केली. पॅरेंटने फोर्कच्या आधी ३ लिहिले होते म्हणून त्याची एंट्री टीएलबीत राइटेबल आणि डर्टी अशी बसलेली. टेबल बदललं, पण ७ लिहिताना प्रोसेसरने टेबलाकडे बघितलंच नाही, पाठ असलेल्या उत्तरावर थेट शेअर केलेल्या फ्रेममधे लिहून टाकलं. प्रिंट टाकला की सिरियल पोर्टवर एक एक अक्षर जायला वेळ लागायचा, तेवढ्यात टायमर वाजायचा, शेड्युलर दुसऱ्या प्रोसेसला जायचा, सीआर३ (चालू पेज टेबल कुठे आहे ते सांगणारं प्रोसेसरचं रजिस्टर) परत लोड व्हायचा आणि त्यात टीएलबी आपोआप रिकामा. म्हणून बग पळायचा.

पायरी ३: एका कोअरवरचा फ्लश नीट लिहा

एक्स८६ वर एका पेजची एंट्री काढायची इन्स्ट्रक्शन म्हणजे इनव्हीएलपीजी, ती ८०४८६ पासून आहे. सी मधून इनलाइन असेंब्लीने लिहिताना दोन चुका मी इतक्या वेळा बघितल्यात की इथे जरा थांबतेच.

पहिली. इनव्हीएलपीजीला मेमरी ऑपरंड लागतो आणि ती त्या ऑपरंडचा *पत्ता* घेते, आत काय आहे ते वाचत नाही. समजा तुमच्याकडे 'ऍड्र' नावाच्या व्हेरिएबलमधे पत्ता आहे. मेमरी कन्स्ट्रेंटमधे सरळ 'ऍड्र' दिलं तर कंपाइलर त्या व्हेरिएबलची स्टॅकवरची जागा देतो, आणि तुम्ही मोठ्या मनाने स्वतःच्या स्टॅकच्या पेजचा फ्लश करता, ज्याचा करायचा ते तसंच राहतं. कंपाइल होतं, चालतं, क्रॅश नाही, फक्त काम होत नाही. 'ऍड्र'ला कॅरेक्टर पॉइंटरमधे कास्ट करा, त्याच्यापुढे स्टार लावा आणि ते द्या, किंवा रजिस्टर कन्स्ट्रेंट घेऊन टेम्प्लेटमधे रजिस्टर कंसात लिहा. मग डिसअसेंबल करून डोळ्याने बघा, कंसात आरबीपी किंवा आरएसपी दिसलं तर बहुतेक हाच घोटाळा आहे.

दुसरी. व्होलटाइल लिहिलं म्हणून झालं असं नाही, क्लॉबरमधे (असेंब्ली काय काय बदलते त्या यादीत) 'मेमरी' पण द्या, नाहीतर कंपाइलर तुमचं टेबलातलं लिहिणं फ्लशच्या नंतर ढकलू शकतो. फ्लश आधी आणि बदल नंतर म्हणजे न केल्यासारखंच, कारण मधल्या वेळात प्रोसेसर जुनी एंट्री परत आणून ठेवतो.

आणि "मी तो पत्ता वापरलाच नव्हता, मग टीएलबीत कसा येईल" असं म्हणू नका. प्रोसेसर अंदाजाने पुढचं काम आधीच करून बघतो आणि त्यात कोणत्याही मॅप असलेल्या पत्त्याची एंट्री कधीही आणू शकतो.

टेबलातली एंट्री काढताना 'आधी वाच मग शून्य लिही' असं दोन टप्प्यात करू नका, ऍटॉमिक एक्स्चेंजने एका दमात करा. दुसऱ्या कोअरचं हार्डवेअर नेमकं त्या दोन ओळींच्या मधे डर्टी बिट लावू शकतं आणि तुम्ही त्याच्यावर शून्य ओताल.

सगळं एकदम रिकामं करायचं असेल तर सीआर३ परत लिहा. पण कर्नलच्या पेजेसना ग्लोबल बिट लावला असेल, आणि सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमधे तो चालू असेल, तर त्या एंट्री सीआर३ लिहून जात नाहीत, ग्लोबल असतातच त्यासाठी. त्यांना एकेक करून इनव्हीएलपीजी द्या, ती ग्लोबलही काढते, किंवा सीआर४ मधला तो बिट बंद करून परत चालू करा. क्यूएमूच्या नुसत्या इम्युलेशनवर इथली चूक लपू शकते, म्हणून केव्हीएम लावून खऱ्या प्रोसेसरवर पण टेस्ट चालवाच.

एकेक पेज काढावं की सगळंच? लिनक्सने एक्स८६ साठी ३३ पेजेसची मर्यादा ठेवलीये, तिथपर्यंत एकेक, त्याच्या वर पूर्ण फ्लश. तुमच्या कर्नलमधे हाच आकडा घेऊन सुरुवात करा, मोजमाप केल्याशिवाय त्यात खेळत बसू नका.

पायरी ४: क्रम. हा चुकला तर बाकी सगळं वाया

मुलांनी भिंतीवर कागद चिकटवलाय: *काढा, फ्लश करा, मगच फ्री करा.* आधी टेबलातली एंट्री काढायची, मग ती जिथे जिथे लक्षात असेल तिथून पुसून घ्यायची, सगळीकडून पुसल्याची खात्री झाली की मगच ती फ्रेम ऍलोकेटरला परत द्यायची. फ्रेम आधी परत दिली तर मधल्या क्षणात ती दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकते, आणि जुन्या प्रोसेसच्या टीएलबीत तिची चावी अजून आहे. तो दुसऱ्याचा डेटा वाचतो, दुसऱ्याच्या डेटावर लिहितो. पत्र नव्या भाडेकरूच्या हातात पडलं होतं ते हेच.

मोठमोठ्या लोकांकडूनही हे चुकतं. लिनक्सच्या एमरीमॅप सिस्टम कॉलमधे ३.२ व्हर्जनपासून असं होतं की पेजेस हलवल्यावर पेज टेबलची लॉक्स आधी सोडली जायची आणि टीएलबी फ्लश नंतर व्हायचा. त्या फटीत दुसऱ्या थ्रेडने ती पेजेस फ्री करवून घेतली तर जुन्या पत्त्यावरून फ्री झालेल्या फ्रेमला हात लावता यायचा. २०१८ मधे गूगल प्रोजेक्ट झीरोच्या जॅन हॉर्नने हे शोधलं, सुरक्षा-दोषांच्या यादीतला नंबर सीव्हीई-२०१८-१८२८१. दुरुस्ती काय तर फ्लश लॉक सोडायच्या आधी करायचा. एवढंच! म्हणून कोड वाचताना फ्लश *आहे का* एवढं बघून पुढे जाऊ नका, तो कोणत्या ओळीनंतर आणि कोणतं लॉक हातात असताना आहे ते बघा.

हजार पेजेस एकदम अनमॅप करायची असतील तर दर पेजला हा क्रम चालवणं महाग पडतं. त्यासाठी एक टोपली ठेवा. एंट्री काढत जा, फ्रेम टोपलीत टाकत जा, टोपली भरली किंवा काम संपलं की एकदाच फ्लश आणि मग टोपलीतल्या सगळ्या फ्रेम फ्री. लिनक्समधे याच टोपलीचं नाव एमएमयू गॅदर, तो कोड एकदा जरूर वाचा.

पेज टेबलचं स्वतःचं पान फ्री करतानाही हाच क्रम, आणि इथे तर जास्त जपून. प्रोसेसर मधल्या पातळ्यांची टेबलं पण वेगळी कॅश करतो. टेबलाचं पान फ्री झालं, त्यात कोणाचा तरी डेटा आला, आणि प्रोसेसर जुन्या आठवणीने त्या डेटालाच टेबल समजून चालायला लागला तर काय होईल ते सांगता येत नाही. पानातल्या सगळ्या एंट्री आधीच रिकाम्या होत्या हे कारण इथे चालत नाही.

पायरी ५: एकाहून जास्त कोअर

इनव्हीएलपीजी फक्त ज्या कोअरवर चालवली तिथलीच एंट्री काढते. पोळात चार पोस्टमन असतील तर चौघांनाही सांगायला जावं लागणार. एक्स८६ वर हे इंटरप्ट पाठवून करतात, त्याला शूटडाउन म्हणतात: काम करणारा कोअर एंट्री बदलतो, विनंती एका शेअर केलेल्या जागी लिहितो, बाकीच्यांना इंटरप्ट पाठवतो, ते आपापला फ्लश करून पोच देतात, आणि सगळ्यांची पोच आल्यावरच पहिला पुढे जातो. पोच यायच्या आधी फ्री केलंत तर पायरी ४ परत वाचा.

कोणाला पाठवायचं? ज्या कोअरवर ती ऍड्रेस स्पेस चालू आहे त्यांनाच, म्हणून प्रत्येक ऍड्रेस स्पेसबरोबर कोअरचा एक मास्क ठेवतात. इथली शर्यत बारीक आहे, लक्ष द्या. जो कोअर नव्याने ती ऍड्रेस स्पेस घेतोय त्याने आधी मास्कमधे आपला बिट लावायचा, मग पूर्ण मेमरी बॅरियर, मग सीआर३ लोड. जो फ्लश करतोय त्याने आधी टेबलातली एंट्री बदलायची, मग बॅरियर, मग मास्क वाचायचा. असं केलं की दोनपैकी एक तरी नक्की होतं, एकतर नवीन कोअरला बदललेलं टेबल दिसतं किंवा फ्लश करणाऱ्याला त्याचा बिट दिसतो. उलटं केलंत तर दोघंही एकमेकांना चुकवू शकतात, आणि हा बग महिन्यातून एकदा येतो, दिवसाढवळ्या कधीच नाही.

दुसरा सापळा डेडलॉकचा. क आणि ख दोन कोअर, दोघांनीही इंटरप्ट बंद केलेत, दोघांनीही एकमेकांना शूटडाउन पाठवला आणि पोचेची वाट बघत बसले. कोणीच इंटरप्ट घेणार नाही, मशीन गोठलं. किंवा ख ने इंटरप्ट बंद करून स्पिनलॉकची वाट धरलीये आणि ते लॉक नेमकं क च्या हातात, जो ख च्या पोचेची वाट बघतोय. पहिला नियम, इंटरप्ट बंद असताना शूटडाउन करायचाच नाही, फंक्शनच्या सुरुवातीला असर्ट टाका. दुसरा नियम, ज्या लॉकखाली शूटडाउन होऊ शकतो ते लॉक इंटरप्ट बंद ठेवून कधीच घ्यायचं नाही. आमच्या एका मुलीने वाट बघण्याच्या लूपमधे स्वतःकडे आलेली विनंती पण तपासायची सोय केली, ती पण छान चालते, पण असर्ट तरीही ठेवा.

कर्नल थ्रेडला युजरची मेमरी लागत नाही, म्हणून तो चालू असताना आधीच्याच प्रोसेसची टेबलं तशीच ठेवतात, उगाच सीआर३ बदलत नाहीत, हा आळशी मोड. अशा कोअरला साध्या फ्लशसाठी उठवायची गरज नाही, परत युजरकडे जाताना तो स्वतः तपासेल. पण टेबलाचं पानच फ्री होणार असेल तर त्यालाही इंटरप्ट पाठवाच, कारण अंदाजाने टेबल चालणं त्याच्याकडेही सुरू असतं.

एआरएमच्या ६४ बिटवर हा इंटरप्टचा खटाटोप नाही, टीएलबीआयचा इनर-शेअरेबल प्रकार हार्डवेअरच सगळ्या कोअरना कळवतो, मागून डीएसबी देऊन वाट बघायची विसरू नका, ती डीएसबी म्हणजेच पोच. एएमडीने पण झेन ३ पासून सर्व्हर प्रोसेसरमधे असा ब्रॉडकास्ट आणला, आणि लिनक्सने तो २०२५ च्या ६.१५ मधे वापरायला घेतला. रिस्क-व्हीवर एसफेन्स स्वतःच्या हार्टपुरताच (तिथे कोअरला हार्ट म्हणतात), बाकीच्यांसाठी एसबीआय या फर्मवेअरच्या इंटरफेसचा रिमोट फेन्स कॉल.

पायरी ६: टॅग, पण घाई नको

दर स्विचला टीएलबी रिकामा होतो हे महाग आहे, म्हणून एंट्रीला 'ही कोणत्या ऍड्रेस स्पेसची' असा टॅग लावतात. एक्स८६ वर पीसीआयडी, १२ बिटचा, म्हणजे ४०९६ नंबर. एआरएमवर एएसआयडी, ८ किंवा १६ बिटचा. टॅग आला की सीआर३ लिहिताना सर्वात वरचा बिट लावून 'फ्लश नको' असं सांगता येतं.

पण इतका वेळ जो फ्लश फुकट मिळत होता तो आता मिळत नाही हे लक्षात घ्या. आमच्या फोर्कच्या बगला प्रिंटने झाकलं होतं, पीसीआयडी चालू असता तर प्रिंटनेही झाकलं नसतं. म्हणून आधी पीसीआयडीशिवाय पायरी ५ पर्यंत पक्कं करा.

लिनक्सने हे २०१७ मधे ४.१४ ला आणलं, आणि ४०९६ नंबर असूनही प्रत्येक कोअर फक्त ६ अलीकडच्या ऍड्रेस स्पेस लक्षात ठेवतो. त्याच्या जोडीला एक पिढीचा आकडा असतो. ऍड्रेस स्पेसमधे फ्लश लागेल असा बदल झाला की तिचा आकडा एकने वाढतो, आणि प्रत्येक कोअर 'मी कोणत्या आकड्यापर्यंत फ्लश केलाय' ते लिहून ठेवतो. परत त्या ऍड्रेस स्पेसला येताना दोन आकडे जुळले तर फ्लश नको, मागे असेल तर फ्लश करून पुढे. ही कल्पना मला फारच सुंदर वाटते, झोपलेल्याला उठवायचं नाही, उठला की त्याने वही बघायची. हॉबी कर्नलमधे हे पन्नास-साठ ओळींत होतं.

जानेवारी २०१८ मधे मेल्टडाउन जाहीर झाला आणि कर्नल व युजरची टेबलं वेगळी करावी लागली, दर सिस्टम कॉलला सीआर३ बदलणं आलं. ज्या मशीनवर पीसीआयडी होता तिथे त्याचा फटका बराच कमी बसला, कारण दोन्ही बाजूंना वेगळा टॅग देता आला.

पायरी ७: मोजा

आता लिनक्सवर या, कारण मोजायची साधनं तिथे तयार आहेत. प्रोकमधली इंटरप्ट्स नावाची फाईल उघडा, खालच्या बाजूला टीएलबीची ओळ दिसेल, शूटडाउन किती झाले ते कोअरप्रमाणे. आता एक छोटा प्रोग्रॅम लिहा: चार थ्रेड, तीन नुसते फिरत राहणारे, चौथा लूपमधे एमएमॅप करतो (मेमरी मागतो), त्या पेजला हात लावतो, एमअनमॅप करतो (ती परत देतो). दुसऱ्या खिडकीत वॉच लावून ती ओळ बघा, आकडे पळतात. मग फिरणारे तीन थ्रेड काढा, लूप तोच ठेवा. आकडे जवळजवळ थांबतात, कारण ती ऍड्रेस स्पेस आता दुसऱ्या कोणाच्या लक्षातच नाही. आमच्याकडे हे दाखवलं तेव्हा सेव-उसळीच्या प्लेट्स तशाच राहिल्या आणि सगळे एका स्क्रीनवर वाकले होते. मास्क म्हणजे काय हे तेव्हा त्यांना खरं समजलं. नव्या एएमडी सर्व्हरवर मात्र ब्रॉडकास्टमुळे ही ओळ फारशी हलणार नाही.

दुसरा प्रयोग मिसचा. ६४ एमबीचा ऍरे घ्या, त्यात रँडम जागा वाचा, पर्फ स्टॅटला डीटीएलबीच्या लोड आणि लोड-मिसचे इव्हेंट लावा. ४ केबीच्या पेजनी हा ऍरे १६३८४ पेजेसचा होतो, कुठल्याच पातळीत मावत नाही. आता ऍरे २ एमबीच्या सीमेवर अलाइन करून, पहिल्यांदा हात लावायच्या आधी, एमअडव्हाइजने ह्यूजपेज मागा. तोच ऍरे ३२ पेजेसचा झाला, आणि स्कायलेकमधे २ एमबी पेजच्या पहिल्या पातळीच्या एंट्री ३२ च आहेत. मिसचा आकडा कोसळला नाही तर प्रोसेसच्या एसमॅप्समधे ऍनॉनह्यूजपेजेसची ओळ बघा, शून्य असेल तर मोठी पेजेस मिळालीच नाहीत. अलाइनमेंट तपासा, आणि ट्रान्सपरंट ह्यूजपेजचं सेटिंग नेव्हरवर तर नाही ना ते पण.

सर्व्हर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: खूप थ्रेड असलेल्या प्रोसेसमधे छोटे छोटे तुकडे वारंवार एमअनमॅप करू नका किंवा एमअडव्हाइजने परत देऊ नका, साठवून एकदम द्या. दर वेळी सगळे कोअर हातातलं काम टाकून तुमच्यासाठी पोच द्यायला येतात.

पायरी ८: मुद्दाम मोडायचा प्रयत्न करा

तुमच्या कर्नलमधे डीबगचा एक मोड ठेवा ज्यात फ्रेम फ्री झाल्याक्षणी तिच्यात एक ठराविक आकडा भरला जातो आणि परत वाटताना तो तसाच आहे का ते तपासलं जातं. बदललेला सापडला की लगेच पॅनिक. कोणीतरी जुन्या चावीने आत शिरून लिहून गेलंय, आणि हे तुम्हाला युजरचा डेटा खराब व्हायच्या आधी कळतं. त्याच्या जोडीला स्ट्रेस टेस्ट, चार कोअर, एक थ्रेड परवानगी काढतोय, दुसरे लिहितायत, आणि परवानगी काढणारा कॉल परत आल्यानंतर एकही लिहिणं यशस्वी झालं तर टेस्ट फेल. रात्रभर केव्हीएमवर चालू ठेवा, एका मिनिटाच्या रनने यात काही सिद्ध होत नाही.

आमच्या मुलाने फोर्कमधे पॅरेंटची टेबलं रीड-ओन्ली करून झाल्यावर, चाइल्डला रनक्यूमधे (चालायला तयार प्रोसेसच्या रांगेत) टाकायच्या आधी, सीआर३ परत लोड करायची एक ओळ टाकली. चाइल्डला ३ दिसले. मग त्याने क्यूएमूला चार कोअर दिले, पॅरेंटमधे दुसरा थ्रेड चालू केला, आणि परत ७ आले. माझ्याकडे बघितलं, काही न बोलता पायरी ५ चा कोड उघडला, आणि साडेनऊला खालून आईने हाक मारली तेव्हा तो मास्कच्या बॅरियरवर पोचला होता.